जिजाई, नीरा, मैना

ऑक्टोबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट समीक्षक महासंघाच्या भारतीय शाखेने मतदान घेऊन भारतातल्या सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांची यादी ठरवली. पहिला 'पथेर पांचाली', दुसरा 'मेघे ढाका तारा', तिसरा 'भुवन शोम'. त्यामागे 'एलिप्पत्तायम', 'घटश्राद्ध', 'गर्म हवा', 'चारुलता', 'अंकुर', 'प्यासा' आणि दहावा 'शोले'. दहांत बंगाली तीन, मल्याळम एक, कन्नड एक आणि हिंदी पाच. मराठी एकही नाही. फाळक्यांच्या भूमीतला, 'प्रभात'च्या भाषेतला एकही चित्रपट समीक्षकांना आठवू नये, ही बाब संतापजनक आहेच. पण त्या यादीला मराठी रसिक जे उत्तर देतात ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. 'संत तुकाराम'ला व्हेनिसला मान मिळाला, 'श्यामची आई'ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आणले, 'दो आँखें बारह हाथ' बर्लिनला गाजला, 'श्वास' ऑस्करसाठी भारतातर्फे गेला, अशी पदकांची मोजदाद सुरू होते. पदक मिळाले हे खरे, पण त्या चित्रपटात असे काय आहे जे रायांकडे, घटकांकडे किंवा बिमल रॉयांकडे नाही, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

तो विचारला तर उत्तर एका लहानशा कालखंडात सापडते. १९३६ ते १९४१ या वर्षांत पुण्याच्या प्रभात स्टुडिओत जे घडले तसे त्या काळच्या भारतात दुसरीकडे घडले नव्हते. व्ही. शांतारामांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हा वाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचा निकालही याच वर्षांत लागतो, 'दो आँखें बारह हाथ'च्या १९५७ मध्ये नव्हे.

या कालखंडाचे मूळ कोल्हापुरात आहे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा. कथा नारायण हरी आपट्यांची, आणि कर्जात बुडालेल्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत स्वतः शांताराम. पौराणिक चित्रपटांच्या भर हंगामात पेंटरांनी शेतकऱ्याचे झोपडे आणि सावकाराची वही पडद्यावर आणली. आज तो मूकपट पाहायला मिळत नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणींतूनच तो उरला आहे. पेंटरांच्या हाताखाली घडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींच्या भांडवलाच्या साथीने १९२९ मध्ये 'प्रभात' उभी केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. सुरुवातीला मात्र त्यांनी गुरूची ही वाट धरली नाही. 'अयोध्येचा राजा', 'अमृतमंथन', 'धर्मात्मा', 'अमरज्योती' हे सगळे भव्य देखाव्यांचे चित्रपट. 'अमृतमंथन'मधला चंद्रमोहन यांच्या डोळ्याच्या प्रचंड समीपदृश्याचा तुकडा आजही दाखवला जातो. तो कौशल्याचा नमुना आहे, याहून अधिक काही नाही.

वळण आले ते 'संत तुकाराम'मध्ये, १९३६ साली. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे. त्यांतले एक ध्वनीचे जाणकार, दुसरे कलादिग्दर्शक. पटकथा शिवराम वाशीकरांची. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात हा चित्रपट वर्षभराहून अधिक चालला, विष्णुपंत पागनिसांच्या तसबिरी लोकांनी घरात लावल्या, आणि शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग अनेक जाणत्यांनीही तुकोबांचाच मानला. या सगळ्यामुळे तो कायमचा भक्तिपट ठरला. कुमार शहानी आणि गीता कपूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याच्याकडे गंभीरपणे पाहिले तेव्हा त्यांनाही तुकारामाच्या देहबोलीने आणि भक्तीच्या प्रत्यक्षतेने मोहून टाकले. ते योग्यच आहे. पण चित्रपटाचा कणा तुकाराम नाही, गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई आहे.

तिच्या घरात दाणा नाही, पोर आजारी आहे आणि नवरा देवाच्या नादी लागला आहे. तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरते. त्या काळच्या प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक लोक माळकरी परंपरेतले असतील. त्यांनी हे दृश्य अपमान मानले नाही. तिचे म्हणणे खरे आहे हे त्यांना कळत होते. दिग्दर्शकांनी तिला तुकारामाच्या मोठेपणासाठी वापरले नाही, तिची बाजूही तितक्याच वजनाने मांडली. तुकारामाला विठ्ठल दिसतो, जिजाईला चूल दिसते, आणि चित्रपट दोघांच्या नजरेवर विश्वास ठेवतो. तुकाराम वैकुंठाला निघतात तेव्हा जिजाई मागे, घरच्या बाजूला राहते. गरुडाच्या विमानाची युक्ती आज जुनी वाटते. जिजाईचा स्वर जुना झालेला नाही. ती कर्कशा आहे असे म्हणून दरवेळी हसत पुढे जाणाऱ्या प्रेक्षकाने चित्रपटाचा अर्धा भाग पाहिलेलाच नसतो.

हा स्वर शांतारामांनी उचलला आणि पुढच्याच वर्षी त्याला नायिकापद दिले. 'कुंकू' १९३७ चा, हिंदीत 'दुनिया ना माने'. कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच, 'न पटणारी गोष्ट'. अनाथ नीरेला तिच्या मामाने फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधले आहे. अशा जरठकुमारी विवाहावर मराठी रंगभूमीने देवलांच्या 'शारदे'पासून अश्रू ढाळले होते. 'कुंकू'ने अश्रू नाकारले. नीरा रडत बसत नाही. ती हा विवाह मानायलाच नकार देते. ती नवऱ्याच्या घरात राहते, जेवते, काम करते, भांडते, पण नवऱ्याला आपल्या खोलीत येऊ देत नाही. सावत्र मुलगा आगळीक करतो तेव्हा ती छडी उचलते. तिची बाजू घेते ती वयाने तिच्याहून मोठी असलेली सावत्र मुलगी. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. संततिनियमनाच्या कामात र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या बाईंना त्या जागी बसवणे हा निव्वळ पात्रनिवडीचा प्रश्न नव्हता. त्या काळच्या पुण्यात त्या निवडीचा अर्थ प्रत्येक सुशिक्षित प्रेक्षकाला कळत होता.

'कुंकू'ची मांडणी आजच्या दिग्दर्शकांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण दृश्याला भाव पुरवणारी वाद्ये नाहीत. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरचे जुने घड्याळ काकासाहेबांच्या वयाचा हिशेब ठेवते, आणि त्याची टिकटिक एखाद्या पात्रासारखी दृश्यांत हजर असते. संगीत काढून घेतल्यामुळे प्रेक्षकाला कुणाची कीव करायची आणि कुणाचा राग धरायचा हे आयते सांगितले जात नाही. नीरेची चिडचिड आणि काकासाहेबांची लाज या दोन्ही गोष्टी त्याला उघड्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. शांता आपट्यांनी इथे लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे. १९३७ च्या मराठी चित्रपटात एक तरुण सून इंग्रजी कविता गाते आणि तरीही ती कुठे परकी वाटत नाही, इतका त्या व्यक्तिरेखेवर दिग्दर्शकाचा ताबा आहे.

दुसरे मोठे यश केशवराव दात्यांच्या काकासाहेबांचे. त्यांना खलनायक करणे सोपे होते. शांतारामांनी आणि दात्यांनी त्यांना माणूस ठेवले. हा गृहस्थ मिशा काळ्या करतो, आपली चूक हळूहळू ओळखतो, आणि ओळखल्यावर काय करायचे हे त्याला कळत नाही. जिजाई आणि तुकाराम यांच्यातला तोल 'कुंकू'मध्ये उलटा झाला आहे. इथे बाई केंद्रात आहे आणि पुरुषाला न्याय द्यायचा आहे. दिग्दर्शकाने तो दिला.

या चित्रपटावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. काकासाहेब आत्महत्या करतात, म्हणजे नीरेची सुटका तिच्या लढ्याने होत नाही, नवऱ्याच्या मृत्यूने होते. आक्षेप बरोबर आहे. पण १९३७ मध्ये नीरेपुढे कायद्याची वाट नव्हती. हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. ज्या समाजात कायदेशीर सुटका नाही तिथे कथानकाला मृत्यूचा आधार घ्यावा लागतो, आणि 'कुंकू' तो मृत्यू विजय म्हणून साजरा करत नाही. शेवटाची ही दुर्बलता मान्य करूनही आधीचे दोन तास कोणत्याही मराठी चित्रपटापेक्षा श्रेष्ठ उरतात.

ही बंडखोरी पडद्यापुरती नव्हती. शांता आपट्यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादावरून प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले, आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. नीरेची भूमिका करणारी बाई स्वतः नीरेइतकीच ठाम होती. स्टुडिओने जो स्वर पडद्यावर आणला तो स्टुडिओलाही ऐकावा लागला.

'माणूस' १९३९ चा, हिंदीत 'आदमी'. अनेक जाणते रसिक यालाच शांतारामांचा श्रेष्ठ चित्रपट मानतात, आणि शांतारामांच्या चाहत्यांत होणारा खरा वाद 'कुंकू' विरुद्ध 'माणूस' हाच असायला हवा. शाहू मोडकांचा पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकरांची मैना. वेश्यावस्तीवरच्या धाडीत तो तिला वाचवतो आणि पुढे तिच्यात गुंततो. 'देवदास'च्या दारूत आणि अश्रूंत भारतातले तरुण बुडाले होते. 'माणूस' हे त्याला दिलेले उत्तर आहे. एका प्रसंगात तर दोघे चित्रीकरणाच्या ठिकाणी पोचतात आणि पडद्यावरच्या गुळगुळीत प्रेमगाण्याची नक्कल करतात. अनेक भाषांतून फिरणारे मैनेचे गाणे लोकांच्या तोंडी बसले, पण चित्रपट उभा आहे तो मैनेच्या निर्णयांवर. गणपतच्या आईच्या साध्या, श्रद्धाळू घरात आपण खोटेपणाने राहू शकत नाही हे ती ओळखते आणि निघून जाते. तिच्या हातून खून झाल्यावर गणपत तिला पळून जाण्याची वाट दाखवतो तेव्हा ती नकार देते. देवदास नशिबाला दोष देत मरतो. मैना स्वतःच्या कृत्याची जबाबदारी घेऊन तुरुंगात जाते.

बांधणी 'माणूस'ची अधिक घट्ट आहे हे मान्य करावे लागते. तरीही निकाल 'कुंकू'च्या बाजूने द्यावा लागतो, कारण मैना शेवटी प्रेक्षकाची सहानुभूती मिळवते आणि नीरा ती मागत नाही. नीरा अप्रिय होण्याचा धोका पत्करते आणि दिग्दर्शक तिला त्या धोक्यापासून वाचवत नाही. इतके धैर्य शांतारामांनी पुढे कधी दाखवले नाही.

'शेजारी' १९४१ चा, लेखन विश्राम बेडेकरांचे. धरणाच्या कामावरून दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांत पाडली जाणारी फूट आणि अखेर धरण फुटणे, असा त्याचा आराखडा आहे. मराठीत जिवबा केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त मुसलमान असलेल्या मझहर खानांनी हिंदूची भूमिका केली आणि जागीरदारांनी मिर्झाची. देशात तेढ वाढत असताना घेतलेली ही भूमिका धाडसी होती, आणि बुद्धिबळाच्या पटापाशी बसलेले ते दोन म्हातारे अजून डोळ्यांसमोर राहतात. पण चित्रपटाचे केंद्र दोन पुरुषांच्या मैत्रीत आहे, स्वयंपाकघरात नाही, आणि धरणफुटीचा देखावा कथेवर मात करतो. शांताराम देखाव्याकडे परत निघाले होते, त्याची पहिली खूण इथेच दिसते.

१९४२ मध्ये ते प्रभात सोडून मुंबईला गेले आणि 'राजकमल' स्थापन झाली. यापुढचे शांताराम सर्वांना अधिक परिचित आहेत, आणि सर्वश्रेष्ठतेच्या वादात त्यांचेच पारडे जड ठरवले जाते. 'झनक झनक पायल बाजे' १९५५, 'नवरंग' १९५९, 'गीत गाया पत्थरों ने' १९६४. रंग, नृत्य, कारंजी. यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

'दो आँखें बारह हाथ'वर मात्र लिहावे लागते, कारण शांतारामांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून बहुतेक याचेच नाव घेतले जाते. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खरा प्रयोग, गदिमांची कथा, खुनी कैद्यांना माणसात आणू पाहणारा अधिकारी, बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्याला झालेली इजा, १९५८ चे बर्लिनचे रौप्य अस्वल. या सगळ्याविषयी आदर वाटतो. पण पडद्यावर काय दिसते? एक पुरुष मूर्तीसारखा उभा आहे आणि सहा पुरुष त्याच्याकडे पाहून सुधारतात. त्याच्या विरोधात कुणाचेही म्हणणे चित्रपटाला ऐकायचे नाही. संध्या खेळणी विकणारी बाई म्हणून येते, नाचते, आणि कथेला तिची गरज फार थोडी आहे. जिजाईने विठ्ठलासमोर वहाण उगारली होती. या जेलरसमोर कुणी आवाजही चढवत नाही. ज्या दिग्दर्शकाने काकासाहेबांना लाज वाटायला शिकवले त्याने स्वतःच्या नायकाला निर्दोष करून टाकले. जो चित्रपट आपल्याच नायकाशी वाद घालत नाही तो कितीही उदात्त असला तरी पहिल्या रांगेत बसू शकत नाही.

'पिंजरा' (१९७२) हे या प्रवासाचे अखेरचे ठळक टोक. जर्मन 'ब्ल्यू एंजल'चे कथानक तमाशाच्या फडात आणले आहे. डॉ. श्रीराम लागूंचा अभिनय आणि राम कदमांचे संगीत यांनी तो लोकप्रिय केला. पण त्यात बाई पुन्हा मोह म्हणून आली आहे. ती लागूंच्या गुरुजींना खाली खेचते. मैना गणपतला वर उचलून स्वतः तुरुंगात गेली होती. तेहतीस वर्षांत एकाच दिग्दर्शकाच्या नजरेत झालेला हा बदल मराठी समीक्षेने कधी नीट वाचलाच नाही. 'पिंजरा'चे सुवर्णमहोत्सव साजरे झाले आणि 'कुंकू' अभ्यासक्रमातल्या एखाद्या टिपेत जाऊन बसला.

नीरेचा स्वर मात्र मेला नाही, तो इतरांच्या हातात गेला. श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'ला (१९७७) हंसा वाडकरांच्या आत्मकथेचा आधार होता, म्हणजे प्रभातच्या आणि तमाशापटांच्या पडद्यामागची बाई तिथे बोलू लागली. डॉ. जब्बार पटेलांचे 'सामना' आणि 'सिंहासन' मोठे चित्रपट आहेत, सत्तेचे आहेत, पण त्यांत स्त्रीला जागा नाही. 'उंबरठा' (१९८२) वेगळा आहे. शांता निसळांच्या 'बेघर'वर आधारलेल्या या चित्रपटात स्मिता पाटलांची सुलभा महिलाश्रम चालवायला घर सोडते, परत येते, नवऱ्याचे दुसरे नाते तिला कळते आणि ती पुन्हा निघते. 'कुंकू'ला जो शेवट १९३७ मध्ये जमू शकला नाही तो 'उंबरठा'ने दिला. इथे कुणाच्या मृत्यूची गरज पडत नाही. सुलभा स्वतःच्या पायांनी दार ओलांडते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'दोघी'पासून 'कासव'पर्यंत हाच धागा विणला, शांतपणे, कुणाचे फारसे लक्ष नसताना.

ध्वनीच्या संयमाचा वारसा नागराज मंजुळेंनी 'सैराट'च्या (२०१६) अखेरीस घेतला. अजय-अतुलच्या गाण्यांनी भारलेला चित्रपट शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतो, आणि रक्तातली लहान मुलाची पावले प्रेक्षकाला विनासंगीत पाहावी लागतात. प्रेक्षकाच्या भावनेला दिशा न देता त्याला वास्तवासमोर उभे करण्याचा तोच 'कुंकू'चा मार्ग. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) तर सगळी मांडणीच या तत्त्वावर आहे. शाहीर नारायण कांबळेवर खटला चालवणारी सरकारी वकील नूतन ही विरुद्ध बाजूची बाई. चित्रपट तिच्यामागे तिच्या घरी जातो, तिचा संसार दाखवतो आणि तिला राक्षसीण ठरवत नाही. काकासाहेबांना मिळालेला न्याय इथे एका बाईला मिळतो, आणि त्यामुळे न्यायव्यवस्थेवरचा आघात अधिक खोल जातो.

असे असताना मुख्य प्रवाहातला आजचा मराठी चित्रपट कशाच्या मागे आहे? चरित्रपटांच्या. 'बालगंधर्व', 'लोकमान्य', 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर', 'भाई', 'मी वसंतराव', आणि जोडीला 'संगीत मानापमान'सारखी संगीत नाटकाची आठवण. यांत गायकी आहे, वेशभूषा आहे, अभिनयही आहे. पण बहुतेकांत थोर पुरुष मध्यभागी आहे आणि घरातली बाई त्याच्या थोरवीची किंमत मुकाट्याने मोजते आहे. तिला जिजाईसारखा एक प्रसंगही लिहून दिला जात नाही. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा अपवाद ठरला, कारण त्यात सरस्वतीबाई फाळके कामात भागीदार आहेत, आणि म्हणूनच त्यातले फाळके इतर चरित्रनायकांपेक्षा जिवंत वाटतात. एवढे साधे कारण समोर असूनही कुणी ते उचलत नाही. वैभवाची आठवण काढणे हा या लाटेचा हेतू आहे, आणि प्रभातचे खरे वैभव हे होते की तिने स्वतःच्या समाजाच्या पूज्य पुरुषांना घरच्या बाईकडून जाब विचारायला लावला. जे निर्माते आज शांतारामांचे आणि दामले-फत्तेलालांचे नाव घेऊन मखर उभारतात ते त्यांच्या सर्वश्रेष्ठ कामाच्या उलट दिशेने चालले आहेत. मखरात बसवलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही, आणि ज्याच्याशी कुणी भांडत नाही तो पडद्यावर मृत असतो.

समीक्षक महासंघाची यादी पुन्हा होईल तेव्हा मराठी समीक्षकांनी पदकांची पत्रके वाटू नयेत, 'कुंकू' आणि 'संत तुकाराम' हे दोन चित्रपट घेऊन जावे आणि त्यांतल्या दोन बायकांच्या बाजूने वाद घालावा. 'चारुलते'तली चारू खिडकीतून दुर्बिणीने जग पाहते, ते दृश्य अजोड आहे. पण तिच्या सत्तावीस वर्षे आधी पुण्यात नीरेने खोलीचे दार आतून लावून घेतले होते, आणि हे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात लिहिले गेलेच पाहिजे. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सला सर्वोच्च जागतिक पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात नातेवाईक मुलाच्या लग्नाचा विषय काढत राहतात, आणि मुलाला मनोमन ओळखणारी त्याची आई त्याच्या पाठीशी उभी राहते. जिजाईच्या घराण्यातली ही ताजी बाई आहे. तिच्याबद्दल लिहिताना पारितोषिकाचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात आला तरी चालेल.